काकूंच्या खोलीचा कूलर

नागपूर, 8 एप्रिल

प्रिय मित्रा,

तू पाठवलेले दोन्ही कूलरचे फोटो पाहिले. पुण्यात बसून लगेच मागवू नकोस. काकूंची खोली तुझ्या मनात आहे, पण तिचं माप कुठे आहे?

काल जाऊन टेप लावला. 12 बाय 12, उंची 10 फूट, म्हणजे जवळपास 41 घनमीटर. दर दोन मिनिटांनी खोलीतली हवा बदलायची तर तासाला 1200-1300 घनमीटर हवा पुरते. हा आकडा खोक्यावर लिहिलेला असतो. तुझा पहिला कूलर त्याच्या तिप्पट हवा फेकतो. एवढा झोत रात्रभर अंगावर घेऊन काकूंना झोप लागेल का?

दुसरा टॉवरवाला आहे, दिसायला देखणा. पण तो घरातच उभा राहणार. कूलरला बाहेरची कोरडी हवा लागते आणि आतली दमट हवा जायला वाट लागते, नाहीतर तासाभरात नुसती चिकचिक. काकूंच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे, समोर दार. खिडकीचाच घेऊ.

ताटीसाठी, म्हणजे पाण्याने भिजणाऱ्या जाळीसाठी, मात्र मी अडून बसणार. वुडवूल, म्हणजे लाकडाच्या तंतूंची ताटी, स्वस्त आणि गार, पण मे लागेपर्यंत ती खाली बसते, वर चार बोटांची फट पडते आणि तिथून सरळ लू आत येते. हनीकोंब, म्हणजे मधाच्या पोळ्यासारखी कागदी ताटी, महाग, तरी काही उन्हाळे टिकतं. काकूंकडे बोअरचं पाणी आहे, त्याचे क्षार जमतील. महिन्यातून एकदा मी धुऊन देईन. दुकानात पंप सुरू करायला लावू, ताटी काठापासून काठापर्यंत सारखी भिजते का ते बघू. एक पट्टा कोरडा राहिला तर तो कूलर नको.

बादल्या उचलणं काकूंना जमणार नाही, म्हणून नळाची जोडणी आणि टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा फ्लोट वॉल्व्ह हवाच. बिलाची काळजी सोड: 200 वॅटचा कूलर दहा तास चालला तर 2 युनिट.

आणि अर्थिंग. लेका, दर उन्हाळ्यात इकडे कूलरचा शॉक लागून माणसं जातात. टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचा, हे मी काकूंना सांगितलंय. तूही फोनवर सांग. बॉडी फायबरचीच घेऊ आणि बोर्डाचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घेऊ.

2013 च्या मे महिन्यात इथे पारा 47.9 वर गेला होता. एसी शोरूममध्ये सगळेच कूलर गार वाटतात, आपल्याला तसल्या दुपारी चालणारा हवा. बजेट कळव. रविवारी काकूंना घेऊन बर्डीच्या बाजारात जातो, मेअखेरच्या कडक उन्हाचा नवतपा लागायच्या आत बसवून टाकू.

तुझाच,
नंदू