थोरलीपुढे ‘नाही’ लिही

प्रिय मित्रा,

हे आकडे फोनवर सांगून लक्षात राहायचे नाहीत, म्हणून सविस्तर लिहितोय. अमेरिकेतल्या तुझ्या कंपनीच्या विम्याच्या फॉर्मचा तू पाठवलेला स्क्रीनशॉट पाहिला. थोरलीचं नाव, जन्मतारीख, नातं आणि त्याखाली प्रश्न: ‘टॅक्स डिपेंडंट आहे का?’ म्हणजे टॅक्सच्या हिशेबात ती तुझ्यावर अवलंबून आहे का. तिथे तुझा हात अडला ते बरंच झालं. पोटच्या पोरीपुढे ‘नाही’ कसं लिहायचं, म्हणून बरेच जण ‘हो’ करून पुढे जातात.

तू निर्धास्त ‘नाही’ लिही. त्याने तिचा विमा जात नाही. 2010च्या आरोग्य कायद्याप्रमाणे कंपनीच्या प्लॅनमध्ये मुलांना घेत असतील, तर त्यांना 26 वर्षांची होईपर्यंत ठेवावंच लागतं. मग ती कमावती असोत, लग्न झालेली असोत, नाहीतर दुसऱ्या राज्यात राहत असोत. तिच्या विम्यावर तुला फेडरल टॅक्सही लागत नाही.

आयआरएसचा, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याचा, हिशेब निराळा. मूल वर्षअखेर 19च्या आतलं हवं, किंवा वर्षातले निदान पाच महिने पूर्णवेळ शिकत असेल तर 24च्या आतलं. शिवाय निम्म्याहून जास्त वर्ष ते तुमच्याकडे राहिलेलं हवं आणि स्वतःचा निम्म्याहून जास्त खर्च त्याने स्वतः उचललेला नसावा. थोरली 23ची असली तरी गेल्या वर्षीच डिग्री घेऊन नोकरीला लागली, आपलं आपण भागवते. ती यात बसत नाही. मधला 19चा, पर्ड्यू विद्यापीठात होस्टेलवर आहे, पण शिक्षणासाठी बाहेर राहणं घरी राहिल्यातच जमा धरतात. त्याच्यापुढे ‘हो’.

आता मला खरी काळजी वाटते ती अक्कलदाढेची. थोरलीची दाढ काढायचे 1,200 डॉलर तू तुझ्या एचएसए (औषधोपचारासाठी टॅक्स न लागता पैसे साठवायचं खातं) कार्डाने भरणार म्हणालास. कृपा करून भरू नकोस. विम्याला 26 चालतात, एचएसएला चालत नाहीत. तिथे मूल टॅक्स डिपेंडंटच लागतं. तिच्यासाठी काढलेली रक्कम तुझ्या उत्पन्नात धरली जाईल, वर 20 टक्के दंड. तू 22 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असशील तर 264 टॅक्स आणि 240 दंड, म्हणजे 504 डॉलर हकनाक गेले. दातांच्या दवाखान्यातलं मशीन यातलं काहीच विचारत नाही, कार्ड घेतं आणि पावती देतं. कंपन्यांनी हे त्या प्रश्नाशेजारीच ठळक अक्षरांत लिहायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

त्यापेक्षा तिलाच एचएसए उघडायला सांग. ती तुमच्या हाय-डिडक्टिबल, म्हणजे आधी बराच खर्च स्वतः उचलायच्या, फॅमिली प्लॅनवर आहे. दुसरा विमा नसेल आणि तुम्हाला तिला डिपेंडंट दाखवता येत नसेल, तर 2026 साठी तिला 8,750 डॉलरपर्यंत भरता येतील, आणि तुमच्या मर्यादेला धक्काही लागत नाही. तू किंवा वहिनींनी तिच्या खात्यात पैसे टाकले तरी चालतं, वजावट तिला मिळते. फक्त दाढ काढायच्या आधी खातं उघडलेलं हवं. आधीचा खर्च त्यातून भागवता येत नाही.

शेंडेफळाचं सोपं आहे. 13च्या आतलं मूल आणि तुम्ही दोघं नोकरीत, म्हणून डिपेंडंट केअर एफएसए, म्हणजे मूल सांभाळायच्या खर्चासाठी टॅक्सआधीच्या पगारातून पैसे बाजूला ठेवायचं खातं, घ्याच. 2026पासून त्याची मर्यादा 5,000वरून 7,500 झाली आहे. शाळेनंतरचं आफ्टरकेअर चालतं, उन्हाळ्यातला डे कॅम्प चालतो, मुक्कामी कॅम्प मात्र नाही.

काकूंचंही विचारलं होतंस. त्या भारतीय नागरिक, राहतात पुण्यात. त्यांना इथे टॅक्स डिपेंडंट दाखवता येत नाही. त्यांच्यासाठी तिकडचीच पॉलिसी बघायला हवी. डिसेंबरात तू जाशील तेव्हा ते काम उरकूनच ये.

फॉर्म भरायची मुदत शुक्रवारी संपतेय. नंतर लग्न, बाळंतपण, नोकरीतला बदल असं काही घडल्याशिवाय वर्षभर प्लॅन बदलता यायचा नाही. बुधवारी जेवणं आटोपली की फोन कर, स्क्रीन शेअर करून एकेका मुलाचं भरून टाकू. वहिनींनाही बसव. आणि दाढेची तारीख ठरली असेल तर त्याआधीच कळव.

तुझा,
जुना रूममेट