बंदूक सापडली, पण आली कुठून? अमेरिकेच्या अटर्नी जनरलना खुलं पत्र

आदरणीय अटर्नी जनरल,
न्याय खातं, वॉशिंग्टन डीसी

2018 च्या ऑक्टोबरमध्ये तुमच्या खात्याने अभिमानाने जाहीर केलं होतं की वर्षभरात 15 हजारांहून जास्त लोकांवर बंदुकीच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कोर्टातल्या, केसेस घातल्या, तेव्हापर्यंतचा रेकॉर्ड. 2020 मध्ये कोविडने कोर्टं अर्धी बंद असतानाही 14,200 च्या वर. तेव्हा त्या खुर्चीवर दुसरे लोक होते, सरकारं बदलली, पण आकडा मोठा म्हणजे काम चांगलं ही पद्धत काही बदलली नाही. मला त्या आकड्याबद्दलच विचारायचंय. त्या हजारो केसेसपैकी किती केसेसमध्ये कोणी मुळापर्यंत गेलं, की ही बंदूक याच्या हातात आली कुठून?

मी व्हर्जिनियात रिचमंडजवळ राहते, घर आहे, नोकरी आहे, मुलं इथल्या पब्लिक शाळेत जातात आणि शाळेत लॉकडाऊन ड्रिल, म्हणजे गोळीबार झाला तर लपायचा सराव, झालं की घरी येऊन जेवताना सांगतात की आज आम्ही दिवे बंद करून कोपऱ्यात बसलो होतो. हे पत्र मराठीत लिहितेय कारण इथली आपली मंडळी या विषयावर एकमेकांत बोलतच नाहीत, आणि त्यांनीही हे वाचावं असं वाटतं. इंग्रजी प्रत तुमच्या ऑफिसला वेगळी पाठवतेय.

रिचमंडचं नाव तुमच्या खात्यात सगळ्यांना माहीत असेल. 1997 ला इथेच प्रोजेक्ट एक्झाइल सुरू झालं. तेव्हा हे शहर खुनांसाठी बदनाम होतं, त्या एका वर्षात जवळपास 140 खून. मग ठरलं की आधी शिक्षा झालेला माणूस किंवा ड्रग्ज विकणारा बंदुकीसकट सापडला की केस स्टेट कोर्टात ठेवायचीच नाही, थेट फेडरल कोर्टात न्यायची, तिथे जामीन अवघड, शिक्षा कडक आणि तुरुंग घरापासून शेकडो मैल लांब. जाहिरातींचे बोर्ड लागले, एक अख्खी सिटी बस काळी रंगवून तिच्यावर लिहिलं की बेकायदा बंदूक सापडली तर फेडरल तुरुंगात 5 वर्षं. जुने शेजारी अजून त्या बसबद्दल सांगतात. 1998 ला खून 94 वर आले आणि सगळ्या देशात वाहवा झाली. 2001 ला बुश सरकारने हाच धागा पकडून प्रोजेक्ट सेफ नेबरहुड्स देशभर नेलं, आणि 2004-05 च्या आसपास फेडरल बंदूक केसेस खूप वर गेल्या, मग हळूहळू दहाएक वर्षं उतरत राहिल्या, आणि 2017 मध्ये वरून पुन्हा आदेश आला की बंदुकीच्या केसेस वाढवा, तशा त्या वाढल्या.

पण 2003 मध्ये स्टीव्हन राफेल आणि जेन्स लुडविग या दोन अर्थतज्ज्ञांनी रिचमंडचे आकडे नीट तपासले तेव्हा त्यांना दिसलं की एक्झाइल नसतं तरी बहुतेक घट झालीच असती, कारण ज्या शहरांत आधी खून खूप वाढले होते तिथे ते नंतर तसेही उतरले. म्हणजे ज्या प्रयोगावर पुढची वीस-पंचवीस वर्षं धोरण उभं राहिलं त्याचा पायाच पक्का नव्हता. शिक्षा नकोच असं मी अजिबात म्हणत नाहीये. ज्याने आधी कोणावर गोळी झाडलीये त्याच्या हातात परत बंदूक दिसली तर त्याला आत टाका, मला माझ्या गल्लीत तो नकोय. पण नुसता त्यालाच आत टाकून बंदुका संपत नाहीत, आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये.

फेडरल कोर्टं सगळ्यांना खुली असतात म्हणून मागे एका शिक्षेच्या सुनावणीला मी मागच्या बाकावर जाऊन बसले होते. कोर्ट कुठलं, नाव काय, हे सांगत नाही, त्या घराची आणखी शोभा करायची नाहीये. विशीतला मुलगा. गाडी थांबवली तेव्हा सीटखाली पिस्तूल सापडलं होतं, आधीची ड्रग्जची फेलनी, म्हणजे गंभीर गुन्ह्याची शिक्षा, होती, म्हणजे आयुष्यभर बंदूक जवळ ठेवायला बंदी. गुन्हा कबूल केलेला, इथे जवळजवळ सगळेच करतात, ट्रायलला जाऊन हरलं तर शिक्षा किती वाढेल या धाकाने. आई मागे बसलेली, हातात घडी घातलेला कागद, तिने लिहून आणलेलं पत्र असावं. सरकारी वकील म्हणाले की ट्रेस केलं, म्हणजे बंदुकीचा माग काढला, तर ही बंदूक काही वर्षांपूर्वी एका बाईने दुकानातून कायदेशीर विकत घेतल्याचं निघालं. बस, एवढंच एक वाक्य. त्या बाईने ती चोरीला गेल्याची तक्रार केली होती का, तिने त्याच दिवशी अजून चार घेतल्या होत्या का, कोणासाठी घेतल्या, यावर पुढे कोणी काही बोललंच नाही. पुढचा मुद्दा सुरू झाला. मुलाला पाच वर्षांच्या आसपास शिक्षा झाली.

अशा केसेसना तुमच्याकडे 922 जी म्हणतात. फेडरल शिक्षांचा हिशेब ठेवणाऱ्या सेंटेन्सिंग कमिशनच्या आकड्यांप्रमाणे 2022 या एका आर्थिक वर्षात या कलमाखाली 8,688 लोकांना शिक्षा झाल्या, सरासरी पाच वर्षांच्या थोडी वर, आणि त्यातले निम्म्याहून जास्त कृष्णवर्णीय. ही केस करायला सोपी असते. माणूस, बंदूक आणि जुना रेकॉर्ड, तीन गोष्टी जुळल्या की झालं.

आता दुसरी बाजू बघा. दुकानातून बंदूक घेताना 4473 नंबरचा फॉर्म भरावा लागतो. त्यात सगळ्यात आधी विचारतात की बंदूक तुम्ही खरंच स्वतःसाठी घेताय का. मग विचारतात की फेलनीची शिक्षा झालीये का, बेकायदा ड्रग्ज घेता का, घरातल्या माणसाला मारहाण केल्याचा गुन्हा आहे का. खोटं लिहिलं तर फेलनी, 10 वर्षांपर्यंत शिक्षा. सरकारच्याच ऑडिट करणाऱ्या ऑफिसने, गाओने, 2018 मध्ये रिपोर्ट दिला होता, त्यात 2017 सालचा हिशेब आहे. 2 कोटी 56 लाख बॅकग्राउंड चेक्स, म्हणजे बंदूक विकण्याआधी गिऱ्हाईकाची सरकारी नोंदींतून पडताळणी, झाले. फेडरल पातळीवर सुमारे 1 लाख 12 हजार लोकांना नकार मिळाला. त्यातली 12,710 प्रकरणं एटीएफने, म्हणजे बंदुकांचे कायदे बघणाऱ्या तुमच्याच खात्यातल्या संस्थेने, तपासाला पाठवली. आणि खटले किती झाले? 12. बारा हजार नाही, बाराशे नाही, 12. मला हे वाचून झोप लागली नव्हती.

तुमचे वकील म्हणतील की खोटं मुद्दाम लिहिलं हे सिद्ध करायला अवघड, ज्युरीला वाटतं की याला बंदूक मिळालीच नाही तर गुन्हा कसला, आणि काही नकार चुकीचेही असतात. सगळं मान्य. पण बंदी असताना जो माणूस दुकानात जाऊन बंदूक मागतो तो नकार मिळाल्यावर घरी जाऊन गप्प बसेल का? तो दुसऱ्या वाटेने घेईल, आणि त्या वाटेवर तुमचं कोणी उभं नाहीये. मराठीत म्हणतात तसं, आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

आमच्याच व्हर्जिनियात न्यूपोर्ट न्यूज या शहरात 2023 च्या जानेवारीत सहा वर्षांच्या मुलाने वर्गात बाईंवर गोळी झाडली. बंदूक आईची, दुकानातून रीतसर घेतलेली. मग तपासात निघालं की ती गांजा घेत होती आणि फॉर्मवर खोटं लिहिलं होतं, म्हणून फेडरल कोर्टात 21 महिने शिक्षा झाली. 2024 ला त्या वेळच्या प्रेसिडेंटच्या मुलालाही फॉर्मवरच्या त्याच ड्रग्जच्या प्रश्नावरून ज्युरीने दोषी धरलं, पुढे वडिलांनी माफी दिली तो भाग वेगळा. म्हणजे हा फॉर्म वापरायचा तर वर्गात गोळी सुटल्यावर किंवा माणूस प्रसिद्ध असला तरच, असं लोकांना दिसतं. 2007 ला व्हर्जिनिया टेकमध्ये 32 जण मारले गेले, त्यात मुंबईहून आर्किटेक्चर शिकायला आलेली एक मुलगीही होती. मारणाऱ्याबद्दल कोर्टाची मानसिक उपचारांची ऑर्डर होती, त्याला बंदूक मिळायलाच नको होती, पण ती नोंद चेकच्या सिस्टिममध्ये गेलीच नव्हती. त्या मुलीचे आईबाप कुठल्या आकड्यात बसतात?

आपल्या वाचकांसाठी इथेच एक सांगून ठेवते, कारण व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा विषय निघतो आणि लोक सहज बोलून जातात. एच-वन-बी किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर साधारणपणे बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवणं हाच फेडरल गुन्हा आहे, हंटिंग लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडून. शूटिंग रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणंसुद्धा यात येऊ शकतं. फ्लोरिडात एका परदेशी विद्यार्थ्याचा व्हिसा संपलेला होता, तो रेंजवर जाऊन आला आणि आत गेला, ती केस 2019 मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत पोचली, तिथे ठरलं की आपण बंदी असलेल्या गटात मोडतो, म्हणजे आपण इथे बेकायदा राहतोय, हे त्या माणसाला माहीत होतं हे सरकारने सिद्ध करायला पाहिजे. आणि "माझं ग्रीन कार्ड आहे, मी घेतो आणि तुला देतो" हे तर अजिबात करू नका. आपल्याच व्हर्जिनियातल्या एका माजी पोलिसाने काकासाठी ग्लॉक कंपनीचं पिस्तूल घेतलं, काकांना स्वतःला बंदूक घ्यायची मुभा होती, तरी फॉर्मवर मीच खरा खरेदीदार असं लिहिलं म्हणून गुन्हा ठरला आणि 2014 ला सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी तो कायम केला.

तर अटर्नी जनरल, काकासाठी घेणारा पुतण्या सापडतो आणि व्हर्जिनियात बंदुका घेऊन आय-95 हायवेने न्यूयॉर्कला विकायला नेणारे वर्षानुवर्षं धंदा करतात. 2022 च्या जूनपर्यंत देशात बंदुकांच्या तस्करीचा आणि दुसऱ्यासाठी खरेदीचा स्वतंत्र फेडरल कायदाच नव्हता, फॉर्मवरचा खोटेपणा वगैरे कलमं ताणून वापरावी लागायची. टेक्सासमधल्या युव्हाल्डेच्या शाळेतल्या गोळीबारानंतर दोन्ही पक्षांनी मिळून कायदा केला, 15 वर्षांपर्यंत शिक्षा. जून 2024 मध्ये व्हाइट हाऊसने सांगितलं की त्याखाली 500 हून जास्त लोकांवर केस झालीये. दोन वर्षांत 500, आणि तिकडे 922 जी खाली एका वर्षात 8,688. सुरुवात म्हणून चांगली आहे, मी त्याला नावं ठेवत नाही, पण प्रमाण बघा.

हे काम वेळ खातं हे मला कळतं. वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला एटीएफचं ट्रेसिंग सेंटर आहे. 1986 च्या कायद्यामुळे बंदूकमालकांची यादी करायला बंदी, त्यामुळे बंद पडलेल्या दुकानांचे कागद खोक्यांत भरून तिथे येतात, स्कॅन होतात, पण नावाने शोधता येत नाहीत. माणसं आधी कंपनीला विचारतात, मग होलसेलरला, मग दुकानाला, आणि नाहीतर एकेक पान बघत बसतात. इतके कष्ट करून ते नाव काढून देतात आणि कोर्टात त्याचं एक वाक्य होतं. ग्लॉक स्विचचंही तसंच. नाण्याएवढा तुकडा, पिस्तुलाच्या मागे बसवला की मशीनगन. 2017 ते 2021 मध्ये एटीएफने असे 5,454 पकडले, आधीच्या पाच वर्षांपेक्षा 570 टक्के जास्त. बसवणारा पोरगा सापडतो, पण मागवणारा आणि विकणारा किती वेळा?

अशा वेळी 2025 मध्ये एटीएफची माणसं इमिग्रेशनच्या कामाला लावली गेली, खोटे कागद ठेवणाऱ्या दुकानांवरचं कडक धोरण एप्रिलमध्ये रद्द झालं, आणि बजेटमध्ये दुकानं तपासणारे शेकडो इन्स्पेक्टर कमी करायचा प्रस्ताव आला. दुकानदार बहुतेक प्रामाणिक असतात, माझ्या ओळखीचा एक आहे, संशय आला की गिऱ्हाईकाला सरळ परत पाठवतो. अशा माणसाचं नुकसानच होतं, कारण त्याने परत पाठवलेलं गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं आणि तिथे कोणी बघायला येत नाही.

कडक शिक्षेचं टोक तुमच्या खात्याने बघितलंय. 2004 मध्ये युटातल्या वेल्डन अँजेलोसला गांजा विकताना जवळ बंदूक होती म्हणून 55 वर्षं झाली, शिक्षा देणारे जज स्वतःच म्हणाले की ही अन्यायाची आहे पण कायद्याने माझे हात बांधलेत. तो 2016 ला सुटला, आणि 2018 च्या फर्स्ट स्टेप अॅक्टने एकाच केसमधल्या बंदुकीच्या आरोपांच्या शिक्षा एकावर एक रचायची ती पद्धत बरीच आवरली. मुंबईत संजय दत्तला शस्त्र कायद्याखाली 5 वर्षं झाली तेव्हा आमच्या घरी केवढे वाद झाले होते, आणि इथे 55.

माझं मागणं फार मोठं नाहीये. पुढच्या वेळी वर्षाचा आकडा जाहीर कराल तेव्हा तो फोडून द्या: नुसती बंदूक जवळ सापडल्याच्या किती, फॉर्मवर खोटं लिहिल्याच्या किती, दुसऱ्यासाठी खरेदीच्या आणि तस्करीच्या किती, दुकानदारांवर किती, आणि हे 94 फेडरल डिस्ट्रिक्टमध्ये कुठे किती. नकार मिळालेल्यांपैकी ज्यांच्यावर मारहाणीचा किंवा हिंसेचा रेकॉर्ड आहे त्यांच्या केसेस आधी घ्या. एटीएफची माणसं बंदुकीच्या कामावर परत आणा आणि इन्स्पेक्टर कमी करू नका. आणि बंदूक जवळ बाळगल्याच्या प्रत्येक केसमध्ये तुमच्या वकिलांनी कोर्टाला लेखी सांगावं की ही पहिल्यांदा कोणी घेतली, कुठल्या दुकानातून, आणि त्या माणसाची चौकशी झाली का. झाली नसेल तर का नाही, तेही.

हे करायला नवा कायदा लागत नाही, तुमच्या सहीचं एक पत्र पुरतं. उत्तराची वाट बघतेय, आणि आलं तर इथेच सगळ्यांना वाचायला देईन.

आपली,
रिचमंडजवळ राहणारी एक मराठी आई