ते वाक्य तुझ्या तोंडी नको

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवताना तू म्हणालीस, “आई, बाईच बाईची वैरी असते हेच खरं.” रात्रभर डोळा लागला नाही. ती सासू तुमच्या पोलिसांतल्या महिला सहाय्य सेलमध्ये येऊन तुला वाट्टेल ते बोलली, सुनेच्या अंगावर धावून गेली, आणि मुलगा बाहेर मोटारसायकलवर बसून होता. त्याने तुझी खोली पाहिलेली नाही ना? हे लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पण ते वाक्य तुझ्या तोंडी नको. १९८४ साली मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात असा पहिला सेल निघाला, तोवर नवऱ्याची मारहाण म्हणजे ‘घरचं भांडण’, समजूत घालून बाईला परत धाडायचं, हे तूच मला सांगितलंस. आधी सुनेची सुरक्षितता, मग घरात कुणाची सत्ता चालते ते तिच्याबरोबर उलगडायचं, हेही तुझंच. मग सासूच्या हातात तरी काय आहे ते बघ. घर कुणाच्या नावावर? उद्या मुलाने तिलाच बाहेर काढलं तर? २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा आईलाही लागू आहे, मुलाविरुद्ध दाद मागता येते, हे तिला कोण सांगणार? म्हणून सुनेवर हात उचललेला खपवून घ्यायचा नाहीच. बघ, तुझंच काम तुला शिकवत बसले. रागावू नकोस गं.

आजींना मीही घाबरायचे. कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला, मला तांदूळ मोजून मिळायचे. खुबा मोडल्यावर आंघोळ घालताना त्यांच्या दंडावर भाजल्याचा जुना, गुळगुळीत डाग दिसला. म्हणाल्या, “भाकरी करपली होती एकदा.” कुणी डागलं ते बोलल्या नाहीत. मी तिथे पुन्हा पुन्हा पाणी घालत राहिले. सातबाऱ्यावर त्यांचं नाव लागलं ते अण्णा गेल्यावर, तेही मुलांच्या खाली.

त्यांचं ऐकून घ्यायला कुणी नव्हतं. तू ऐकतेस. मी हे सगळ्यांना सांगते, नंदाकाकूलासुद्धा, ती विचारत नाही तरी.

रात्री स्टँडवरून चालत जाऊ नकोस. रिक्षाचे पैसे मी पाठवते. त्या मुलाबद्दल साहेबांच्या कानावर घातलंस का? आजच घाल.

आणि ती सासू परत आली तर तिला वेगळं बसव, मुलासमोर तर नकोच. आधी पाणी दे, मग तिचं नाव विचार. फायलीत नुसतं ‘सासू’ लिहिलेलं असेल.

तुझी,
आई