लाइट मेट्रो हवीच, पण सुरुवात गूळ मार्केट स्टेशनपासून करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात कावळा नाक्याच्या सिग्नलला अडकलेला माणूस हमखास म्हणतो, "आता मेट्रोच पायजे बघा." निवडणूक तोंडावर आली की हेच वाक्य व्यासपीठावरून ऐकू येते. लाइट मेट्रोला, म्हणजे मध्यम शहरांसाठीच्या हलक्या मेट्रोला, माझा विरोध नाही. पण ती जुन्या शहरात बिंदू चौकातून महाद्वार रोडला कशी न्यायची यावर कट्ट्याकट्ट्यावर जो काथ्याकूट चालतो, तो मला फुकटचा वाटतो. दोन टेम्पो समोरासमोर आले की जिथे सगळे ठप्प होते, तिथे खांब रोवायचे कुठे? गर्दी सकाळी उपनगरांतून आणि खेड्यांतून आत येते, संध्याकाळी परत जाते. सोय तिकडची व्हायला हवी.

आणि एका बाजूला तर रूळ आधीच पडलेले आहेत. संस्थानच्या काळात, १८९१ साली, मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. मी रुकडीचा. नोकरीची तीस वर्षे याच मार्गावरच्या पॅसेंजरने काढली. पंचगंगेचा पूल ओलांडला की वळिवडे. गांधीनगरच्या कापड दुकानांत कामाला जाणारी पोरे तिथे उतरायची. मग गूळ मार्केट, मग कोल्हापूर. जागा मिळाली नाही तर दारात उभे राहायचे, पण पाऊण तास हायवेवर धूर खात बसायची पाळी कधी आली नाही. अडचण एकच, मार्ग एकेरी. समोरून एक्स्प्रेस येणार असली की क्रॉसिंगसाठी आमची गाडी बाजूला उभी. परवा गाडीत एक म्हातारा म्हणाला, "गूळ मार्केटला उतरून काय करायचं? पुढं रिक्षा मिळंना." त्याचे खरे आहे. फलाटाबाहेर बस उभी नसेल तर लोक दुचाकीच काढणार.

म्हणून पहिला पैसा दुसऱ्या रुळाला आणि या छोट्या स्टेशनांना द्यावा. हातकणंगल्यापर्यंत दर अर्ध्या तासाला मेमूसारखी विजेवरची हलकी लोकल गाडी सोडली आणि प्रत्येक स्टेशनाबाहेर केएमटीची, म्हणजे महापालिकेची, बस त्या वेळेला जोडली, तर उपनगरी रेल्वे म्हणतात ती हीच. तिला नवे इंग्रजी नाव द्यायची गरज नाही.

नावांवरून आठवले. कमी गर्दीच्या शहरांसाठी केंद्राने २०१९ मध्ये 'मेट्रोलाइट'चे निकष काढले. रुळावरची, शक्यतो जमिनीवरून पण वेगळ्या राखीव पट्ट्यातून जाणारी, गर्दीच्या तासाला एका दिशेने जास्तीत जास्त १५ हजार प्रवासी नेणारी ही गाडी. पुढच्याच वर्षी टायरवर आणि वरच्या विजेच्या तारेवर चालणारी 'मेट्रोनिओ' आली. २०२१ च्या अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोनिओसाठी २,०९२ कोटींची घोषणा झाली. गाडी मात्र नाशिककरांनी अजून पाहिलेली नाही. २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या आत असलेल्या कोल्हापूरला ती आधी मिळेल असे मानायला मी तयार नाही.

पण जागेचे तसे नाही. जागा आज राखली नाही तर उद्या मिळत नाही. दक्षिणेला उजळाईवाडीचा विमानतळ, गोकुळ शिरगाव एमआयडीसी आणि कागलची पंचतारांकित एमआयडीसी एका रेषेत आहेत आणि तिकडे रेल्वे नाही. शिफ्ट सुटण्याच्या वेळेला तिथे उभे राहून पाहा. दुचाकींचा लोंढाच्या लोंढा कोल्हापूरकडे वळतो. तिकडून जाणारा पुणे-बेंगळुरू महामार्ग सहापदरी होतो आहे. याच कामात एका बाजूला सलग पट्टा मोकळा ठेवला, तर लाइट मेट्रो कधीही आली तरी घरेदारे पाडावी लागणार नाहीत. रस्ता रुंद केला, शोरूम उभी राहिली आणि मग भूसंपादनाच्या नोटिसा निघाल्या, हा क्रम आपल्याला पाठ आहे.

याच महामार्गावर उत्तरेला शिरोलीकडे तर जास्तच जपायला हवे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तिथे महामार्ग पाण्याखाली गेला. भरावामुळे पाणी तुंबते, ही तिथल्या गावांची जुनी तक्रार आहे. रस्त्याशेजारी रुळांसाठी आणखी एक भराव टाकला तर लोक तो टाकू देणार नाहीत, आणि देऊही नये. जे काय करायचे ते कमानींवर करा. खर्च वाढेल हे मान्य. तो कोणाच्या खिशातून जाणार हेही आधीच सांगा. टोलचे आंदोलन कोल्हापूर विसरलेले नाही.

राहिला प्रश्न हे करणार कोण याचा. महापालिकेची हद्द १९७२ पासून तसूभर वाढलेली नाही, आणि हद्दवाढीचा वाद निघाला की उपनगरांतली बससेवाही त्यात ओढली जाते. २०१७ मध्ये आजूबाजूच्या ४२ गावांच्या विकासासाठी वेगळे प्राधिकरण झाले. महापालिका, प्राधिकरण, रेल्वे आणि महामार्गवाले असे चौघे एका टेबलाशी बसून एकच नकाशा करतील, तेव्हा बाकीचे बोलू. तोवर सहापदरीच्या सध्याच्या नकाशात असा पट्टा दाखवला आहे की नाही, एवढे तरी कोणी जाहीर सांगावे.

आपला,
एक जुना पासधारक, रुकडी (ता. हातकणंगले)