ग्रीक घरांना दर्शनी खांब नव्हते

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिनाभरात आपल्या दैनिकात वर्धा मार्गालगतच्या एका गृहप्रकल्पाची जाहिरात तीन-चार वेळा वाचनात आली. ‘ग्रीक शैलीचे बंगले’ असे तिच्यात मोठ्या अक्षरांत म्हटले असून प्रत्येक बंगल्याच्या दर्शनी बाजूला दोन मजले उंचीचे चार पांढरे खांब आणि त्यांच्यावर त्रिकोणी माथा दाखवला आहे. जाहिरातदाराविषयी माझी तक्रार नाही; ज्याने त्याने आपल्या पैशाने हवे तसे घर बांधावे. पण उभा जन्म इतिहास शिकवण्यात घालवलेल्या माणसाला एक खुलासा केल्यावाचून राहवत नाही. ते खांब आणि तो माथा ग्रीकांच्या देवळांचा आहे, घरांचा नाही. सॉक्रेटिसाच्या काळातला एखादा खाऊनपिऊन सुखी अथेन्सवासी या बंगल्यांच्या रांगेपुढे आणून उभा केला, तर एवढ्या देवळांत कोणकोणते देव बसवले आहेत, असेच तो विचारील.

त्याचे स्वतःचे घर कसे होते, याचे सर्वांत भरवशाचे उत्तर अथेन्सपेक्षा उत्तर ग्रीसमधल्या ऑलिन्थस या शहरात मिळते. अलेक्झांडरचा बाप फिलिप याने हे शहर इ. स. पू. ३४८ मध्ये उद्ध्वस्त केले. त्यावर पुढे मोठे शहर उभे राहिले नाही, आणि म्हणूनच १९२८ ते १९३८ या काळात तेथे झालेल्या अमेरिकी उत्खननांत शंभरावर घरांचे आराखडे हाती लागले. घरे दहा-दहांच्या ठोकळ्यांत बांधलेली होती. पाच-पाचांच्या दोन रांगा आणि त्यांच्यामध्ये सांडपाणी वाहून जाण्यापुरती अरुंद बोळ. एकेक घर साधारण सतरा मीटर लांब आणि तेवढेच रुंद, म्हणजे आपल्या लेआउटमधल्या तीन हजार चौरस फुटांच्या प्लॉटएवढे. पाया दगडी, भिंती कच्च्या विटांच्या आणि छपरावर भाजक्या मातीची कवेलू. रस्त्याच्या बाजूने पाहिले तर नुसती सपाट भिंत, एक दार आणि असल्याच तर उंचावर लहान खिडक्या. घराचे सगळे वैभव आत, अंगणाभोवती. अंगणाच्या उत्तर बाजूला आडवी पसरलेली, दक्षिणेकडे उघडी असणारी एक लांब जागा असे. ग्रीक लोक तिला ‘पास्तास’ म्हणत. पुण्याकडचे वाचक तिला ओसरी म्हणतील, आम्ही वऱ्हाड-नागपूरकडची माणसे छपरी म्हणतो. तिला खांब होते, पण ते बहुधा लाकडी, आणि घरच्यांनाच दिसणारे.

ही छपरी दक्षिणेकडे का उघडायची, याचे कारण सॉक्रेटिसाचा शिष्य आणि लेखक झेनोफन याने सॉक्रेटिसाच्याच तोंडून सांगितले आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो तेव्हा त्याचे ऊन छपरीतून थेट आतल्या खोल्यांपर्यंत पोचते. उन्हाळ्यात तो डोक्यावरून जातो तेव्हा छपराची सावली मिळते. म्हणून दक्षिणेकडची बाजू उंच असावी आणि थंड वारे अडावेत म्हणून उत्तरेकडची ठेंगणी असावी, असा त्याचा हिशेब आहे. अथेन्स सुमारे ३८ अक्षांशावर आहे; तेथे डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २८-२९ अंश वर येतो आणि जूनमध्ये ७५ अंशांपर्यंत चढतो. एवढ्या फरकामुळे हे गणित तिथे चोख बसते. नागपूर २१ अक्षांशावर आहे. आपल्याकडे मे महिन्याच्या अखेरीस भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होते आणि पुढचे काही आठवडे तो माथ्याच्या किंचित उत्तरेकडून जातो. तेव्हा ऑलिन्थसचा नकाशा उचलून नागपूरच्या बेसा वस्तीत मांडा, असे मी मुळीच म्हणत नाही. (तसे म्हटले तरी कोण ऐकणार? दक्षिणमुखी प्लॉट म्हटला की आपल्या गिऱ्हाइकाचा चेहरा पडतो.) आपला वैरी आहे तो दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन आणि त्याच बाजूने येणारी झळ. नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतल्या वाड्यांनी त्यावर जाड मातीच्या भिंती, पश्चिमेकडे कमीत कमी झरोके आणि मधला चौक असा उपाय काढला होता. उत्तर वेगळे असले तरी प्रश्न दोघांचाही एकच होता, आणि तो घराच्या तोंडवळ्याचा नव्हता.

मातीच्या भिंतींचा तोटाही ग्रीकांना चांगला ठाऊक होता. त्यांच्या भाषेत चोरट्याला ‘भिंत खणणारा’ अशा अर्थाचा शब्द आहे. आपला ‘घरफोड्या’ त्याचा सख्खा भाऊ शोभेल. इ. स. पू. ४३१ मध्ये प्लॅटिया शहरात शत्रू शिरला, तेव्हा रस्त्यावर न दिसता एकत्र जमता यावे म्हणून नागरिकांनी आपापल्या घरांच्या सामायिक भिंती खणून वाट काढली, असे त्या काळचा ग्रीक इतिहासकार थुसिडिडीज याने लिहिले आहे. त्याच वर्षी अथेन्सभोवतालच्या खेड्यांतली माणसे युद्धाच्या भीतीने शहरात आली, ती बायका-मुले आणि भांडीकुंडी घेऊन, आणि घरांचे लाकूडकामसुद्धा उतरवून. हे वाचताना मला आमचा महालातला वाडा आठवतो. तो पाडायचे ठरले तेव्हा भिंतींकडे कोणी ढुंकून पाहिले नाही. सागवानी खांब, तुळया आणि दारे मात्र घेणाऱ्याने आठ दिवस आधीच मोजून त्यांवर खडूने आकडे घातले होते.

अशा घरात माणसे राहत कशी? दाराजवळच्या एका चांगल्या खोलीत पुरुषांची बैठक असे. कडेने पलंग मांडता यावेत म्हणून तिच्या जमिनीला काठाने उंचवटा ठेवलेला आणि मधोमध रंगीत गोट्यांची नक्षी. पाहुणे येथेच रेलून जेवत, पीत, आणि घरच्या स्त्रिया तेव्हा समोर येत नसत. यावरून ग्रीक घराचे मर्दानी आणि जनानी असे दोन तुकडे होते, असा समज बरीच वर्षे रूढ होता. परंतु मागाला लावायची मातीची वजने, म्हणजे बायकांच्या विणकामाची खूण, अनेक घरांत निरनिराळ्या खोल्यांत सापडली आहेत. पडदा भिंतीचा कमी आणि प्रसंगाचा जास्त होता. परका आला की आत, गेला की सारे घर आपले. माजघर आणि बैठक असलेल्या घरात वाढलेल्या माझ्या पिढीला हे समजावून सांगायला नको. अथेन्समधल्या एका खटल्यातल्या भाषणात युफिलेटस नावाचा गृहस्थ सांगतो की, त्याच्या लहानशा दुमजली घरात बायका वर आणि तो खाली राहत असे; पण मूल झाल्यावर त्याला अंघोळ घालायला बायकोला रात्रीबेरात्री शिडी उतरावी लागू नये म्हणून त्यांनी मजले बदलून घेतले. खटला खुनाचा आहे, तरी आपल्याला जवळची वाटते ती ही शिडी.

या घरकुलाचे फार गोडवे गाऊ नयेत, असेही एक कारण आहे. ग्रीक ‘ओइकोस’ या शब्दात घर, कुटुंब, मालमत्ता आणि गुलाम हे सगळेच येतात. झेनोफनचा एक सुखवस्तू गृहस्थ आपल्या तरुण बायकोला घर दाखवताना स्त्री-गुलाम आणि पुरुष-गुलाम यांच्या खोल्यांमधले कडी घातलेले दार कौतुकाने दाखवतो, कारण त्यामुळे वस्तू चोरीला जात नाहीत आणि गुलामांना मालकाच्या परवानगीवाचून मुले होत नाहीत. नव्या नवरीला घरात घेताना चुलीशी बसवून तिच्यावर सुके अंजीर आणि अक्रोड-बदामांसारखी फळे उधळत. विकत आणलेल्या नव्या गुलामालाही तोच विधी. बाळ जन्मले की पाचव्या किंवा सातव्या दिवशी त्याला चुलीभोवती फिरवत, आणि दारावर मुलगा असेल तर ऑलिव्हची माळ, मुलगी असेल तर लोकर टांगत. पाचवी पुजणाऱ्या आणि नवरीला माप ओलांडायला लावणाऱ्या वाचकांनी साम्य स्वतःच ताडून पाहावे.

फिलिपविरुद्ध ऑलिन्थसच्या मदतीला जाण्याची अथेन्सवासीयांना विनवणी करणारी तीन भाषणे अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस याने केली. त्यांपैकी तिसऱ्यात तो म्हणतो की, ॲरिस्टायडीस आणि मिल्टायडीस यांच्यासारख्या मोठ्या माणसांची घरे शेजाऱ्यांच्या घरांहून जराही दिमाखदार नव्हती. सगळी भव्यता देवळे आणि सार्वजनिक इमारती यांच्यात होती. घरांत दगडी खांबांची हौस वाढली ती पुढे. इ. स. पू. दुसऱ्या शतकातल्या डेलॉस बेटावरच्या व्यापाऱ्यांच्या घरांत ती उत्तम दिसते. पण तिथेही खांब अंगणाच्या चारी बाजूंना, आत आहेत, आणि त्या अंगणाखाली पावसाचे पाणी साठवायची टाकी आहे. टाकीची हौस मात्र जाहिरातीतल्या एकाही बंगल्याला झालेली दिसली नाही.

मधल्या शतकांतल्या घरांबद्दल, म्हणजे तुर्की अमदानीतल्या उत्तर ग्रीसमधल्या पुढे झुकलेल्या लाकडी माड्या किंवा एजियन बेटांवरची चुन्याने पांढरी केलेली घरे यांबद्दल, प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत पुष्कळ छायाचित्रे असतात. मी त्यांत भर घालत नाही. नागपूरकरांनी पाहायला हवे ते विसाव्या शतकातले अथेन्स. १९२२ मध्ये तुर्कांकडून ग्रीसचा पराभव झाल्यानंतर आशिया मायनरमधून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, ग्रीक निर्वासितांचे लोंढे आले. १९२८ च्या जनगणनेत ६२ लाखांच्या देशात १२ लाख निर्वासित नोंदले गेले. १९२९ मध्ये इमारतीच्या एकेका मजल्याची, एकेका सदनिकेची वेगळी मालकी मान्य करणारा कायदा झाला. पुढे दुसरे महायुद्ध आणि यादवी संपल्यावर ‘अंदीपारोही’ नावाची पद्धत फोफावली. तिचा अर्थ नागपूरकराला एका शब्दात कळेल: स्कीम. जागामालकाने जुने घर आणि प्लॉट कंत्राटदाराला द्यायचा, त्याने तिथे पाच-सहा मजले चढवायचे, ठरलेल्या सदनिका मालकाला द्यायच्या आणि उरलेल्या विकायच्या. बँकेचे कर्ज नाही, सरकारचा पैसा नाही. १९५० ते १९८० च्या दरम्यान अंगणे असलेली एकमजली-दुमजली घरे मोठ्या संख्येने पडली आणि अथेन्स आज दिसते तसे सिमेंटचे झाले.

या व्यवहाराला नावे ठेवणे सोपे आहे, पण न्याय करायचा तर लाखो मध्यमवर्गीयांना त्यातूनच स्वतःचे न्हाणीघर आणि नळ मिळाला, हेही लिहिले पाहिजे. शिवाय तळघरात गरीब आणि गच्चीजवळच्या मजल्यावर श्रीमंत, असे एकाच जिन्याने जाणारे-येणारे शेजारी तयार झाले. अंगण गेले तरी ग्रीक माणसाने त्याची भरपाई गॅलरीत करून घेतली. रुंद गॅलरी, तिच्यावर खाली-वर करता येणारा कापडी पडदा, कुंड्या, आणि संध्याकाळी तिथेच जेवण. उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेपाच गोंगाट करायला तिथे कायद्याने बंदी आहे; वामकुक्षीला एवढा मान आपणही दिलेला नाही. मुलीला हुंडा म्हणून घर द्यायची चाल जुनी होती. १९८३ मध्ये कायद्यातून हुंडा गेला, तरी खेड्यांतल्या घरांच्या गच्चीवर मुलांच्या पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या गंजक्या सळ्या अजून आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात. आपल्या नागपुरात हुडकेश्वरकडे एक चक्कर मारली तरी त्या दिसतील.

आपल्या स्कीममध्ये मात्र ती गॅलरीही ताबा मिळताच काचा लावून खोलीत घेतली जाते, आणि मे महिन्यात त्या खोलीला कूलर पुरत नाही. धंतोली आणि रामदासपेठेतले जुने बंगले, महाल आणि इतवारीतले वाडे आता कितीसे उरले आहेत? जे उरले आहेत त्यांचा मोजून काढलेला नकाशा आपल्या पुरवणीच्या वाचकांना क्वचितच पाहायला मिळतो. परदेशी शैलींची चित्रे मात्र दर आठवड्याला असतात. माझी सूचना आहे की, आपण दर महिन्याला अशा एका घराचा आराखडा, चौकाचे माप, भिंतीची जाडी आणि दारांच्या दिशा यांसह छापावा. आमच्या वाड्याचा, तो पाडण्यापूर्वी मी स्वतः टेप धरून काढलेला नकाशा माझ्याकडे आहे. चौक अठरा बाय एकवीस फूट, पश्चिमेची भिंत पावणेतीन फूट जाड. आपल्या कार्यालयाला हवा असल्यास प्रत आणून देईन.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
महाल, नागपूर