लोणार सहल : रविवारी येणाऱ्यांसाठी सूचना

सभासदहो, नमस्कार.

रविवारी बस पहाटे साडेपाचला सुटेल. पंधरा मिनिटं आधी या, म्हणजे ऊन चढायच्या आत विवरात उतरता येईल. उल्का आदळून बसाल्ट खडकात तयार झालेलं हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, त्यामुळे काठावर पहिल्यांदा उभं राहिलं की दोन मिनिटं कुणी बोलतच नाही! तळ्याचं पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. २०२० च्या जूनमध्ये ते मीठप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालं होतं आणि त्याच वर्षी या सरोवराला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाला. म्हणून कळकळीची विनंती: पाण्यात उतरू नका, दगड उचलून आणू नका, प्लास्टिकचा कपटाही मागे ठेवू नका.

गोमुख धारेजवळून उतरून काठावरची जुनी मंदिरं पाहू, कमळजा देवीचं दर्शन घेऊ. परतताना गावातलं दैत्यसूदन मंदिर. लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूचं हे मंदिर आहे. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं निवांत पाहता यावीत म्हणून तिथे पूर्ण तास ठेवला आहे.

चांगली पकड असलेले बूट, टोपी, दोन लिटर पाणी आणा. गुडघेदुखी असेल तर आधी कळवा, अशांसाठी वरूनच सरोवर पाहायची सोय करू. नावं शुक्रवार संध्याकाळपर्यंत द्या.