हजारे करंडकाचा धावफलक पूर्ण छापावा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विजय हजारे करंडक या आंतरराज्य एकदिवसीय स्पर्धेची बातमी आपल्या क्रीडापानावर हिवाळ्यात येते ती बहुधा खालच्या कोपऱ्यात, आठ-दहा ओळींत. तिच्या शेवटी ‘संक्षिप्त धावफलक’ या नावाखाली दोन्ही संघांच्या एकूण धावा, दोन-तीन फलंदाज आणि फार तर एका गोलंदाजाचे नाव एवढाच ऐवज असतो. मी सांगलीतील स्थानिक सामन्यांत अनेक वर्षे गुणलेखक (स्कोअरर) म्हणून बसलो आहे, त्यामुळे माझी तक्रार थोडी जातीच्या माणसाची वाटेल, हे मला मान्य आहे. तरीही निदान महाराष्ट्र संघाच्या सामन्याचा पूर्ण धावफलक, म्हणजे प्रत्येक फलंदाज कसा बाद झाला, गडी कोणत्या धावसंख्येवर पडले आणि प्रत्येक गोलंदाजाचे पृथक्करण (षटके, धावा, बळी) काय, हे सारे छापावे, अशी माझी विनंती आहे.

संक्षिप्त धावफलकाने काय हरवते, हे एका उदाहरणावरून सांगतो. 28 नोव्हेंबर 2022 रोजी अहमदाबादला उपांत्यपूर्व फेरीत ऋतुराज गायकवाडने उत्तर प्रदेशाच्या शिवा सिंगच्या एकाच षटकात, त्यातील नोबॉल धरून, सात षटकार मारले. त्या षटकात 43 धावा निघाल्या आणि ऋतुराज 159 चेंडूंत 220 धावांवर नाबाद राहिला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे ते षटकच छापून आले, आणि त्यात गैर काहीच नव्हते. परंतु महाराष्ट्राच्या 330 धावांतून त्या 43 धावा वजा करून पाहाव्यात. 287 उरतात, आणि उत्तर प्रदेशाचा डाव 272 धावांत आटोपला होता. म्हणजे ते षटक जमेस धरले नाही तरी हिशेब महाराष्ट्राच्याच बाजूने लागतो, आणि तो का लागतो हे पाहायचे तर नजर राजवर्धन हंगरगेकरच्या पाच बळींकडे वळवावी लागते. समोर आर्यन जुयाल 159 धावा काढत असताना दुसऱ्या टोकाकडून गडी बाद करत राहणे ही त्या दिवशीची खरी मेहनतीची कामगिरी होती. ती वाचकांपर्यंत पोहोचली ती एका ओळीत, आणि काही ठिकाणी तेवढीही नाही.

त्याच स्पर्धेत ऋतुराजने उपांत्य सामन्यात आसामविरुद्ध 168 आणि अंतिम सामन्यात सौराष्ट्राविरुद्ध 108 धावा केल्या. अंतिम सामन्यातील 108 धावांसाठी त्याला 131 चेंडू लागले होते. त्यावरून ‘संथ खेळी’ असा शेरा मारणारे अनेक जण मला तेव्हा भेटले. परंतु या स्पर्धेचे साखळी सामने सकाळी नऊ वाजता सुरू होतात, तो अंतिम सामनाही सकाळचाच होता, आणि अशा वेळी पहिल्या तासाभरात खेळपट्टीत ओल असते, हे ज्यांना ठाऊक आहे ते असा शेरा मारण्यापूर्वी थोडे थांबतील. ज्या दवाच्या धास्तीने आपल्या तासगाव-मिरज पट्ट्यातला द्राक्ष बागायतदार पहाटे उठून फवारणीच्या तयारीला लागतो, तेच दव सलामीच्या फलंदाजाच्या मुळावर येते. डावाच्या कोणत्या टप्प्यावर किती गडी पडले, हे छापलेले असले तर वाचक हा निष्कर्ष स्वतःच काढू शकतो आणि बातमीदाराला वेगळे विवेचन करण्याचे कारण उरत नाही. महाराष्ट्राच्या 248 धावा सौराष्ट्राने 46.3 षटकांत पार केल्या. शेल्डन जॅक्सन 133 धावांवर नाबाद राहिला आणि करंडक तिकडे गेला.

दुसरे उदाहरण विदर्भाचे आहे. 2024-25 च्या स्पर्धेत करुण नायरने आठ डावांत 779 धावा केल्या आणि त्याची सरासरी 389.50 इतकी पडली, कारण संपूर्ण स्पर्धेत तो फक्त दोनदा बाद झाला. पुढे 2025 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याला भारतीय कसोटी संघात परत स्थान मिळाले, तेव्हा आमच्या कट्ट्यावर ‘हा मधूनच कुठून आला?’ असे विचारले गेले. रोज दोन ओळी वाचणाऱ्यांना तो मधूनच आल्यासारखा वाटावा, यात नवल नाही. उपांत्य फेरीत याच विदर्भाने महाराष्ट्राला हरवले, त्या वेळी ‘विदर्भ महाराष्ट्रात नाही का?’ असा प्रश्नही मला एका शिकलेल्या गृहस्थांनी गंभीरपणे विचारला होता. आपल्या एका राज्यातून मुंबई, विदर्भ आणि महाराष्ट्र असे तीन संघ खेळतात आणि सांगली-साताऱ्याच्या मुलांची वाट त्यांपैकी तिसऱ्या संघाकडे जाते, हे वर्षातून एकदा, स्पर्धेच्या पहिल्या दिवशी चौकटीत सांगितले तरी पुरे.

डिसेंबर 2025 मध्ये रोहित शर्मा आणि विराट कोहली या स्पर्धेत उतरले आणि 24 तारखेला दोघांनीही शतके झळकावली, तेव्हा मात्र जागेची अडचण कोणालाच भासली नाही. त्याच दिवशी बिहारने अरुणाचल प्रदेशविरुद्ध 50 षटकांत 574 धावा केल्या, तीही बातमी ठळक आली. मोठ्या खेळाडूंना जागा मिळावी, याबद्दल माझे दुमत नाही. ते परत गेल्यावर स्पर्धा पुन्हा कोपऱ्यात जाते, ही गोष्ट खटकते.

सांगलीकरांना ती अधिक खटकावी, कारण ज्यांच्या नावाने हा करंडक दिला जातो ते विजय हजारे सांगलीत, 11 मार्च 1915 रोजी जन्मले. ॲडलेडला 1948 मध्ये एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढणारे आणि 1952 मध्ये मद्रासला भारताला पहिला कसोटी विजय मिळवून देणारे हे कर्णधार आपल्या गावचे, हे नव्या मुलांना सांगावे लागते. ‘हजारे करंडक’ हा मथळा वाचून एका मुलाने मला अण्णांचा क्रिकेटशी काय संबंध, असे विचारले होते. त्याला हसण्यात अर्थ नव्हता. हजाऱ्यांनी 1939-40 च्या हंगामात महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद 316 धावा केल्या आणि रणजी करंडकातले ते पहिले त्रिशतक ठरले. पुढे ते बडोद्याकडूनच खेळले, हा महाराष्ट्राच्या क्रिकेटला लागलेला जुना चटका. त्या हंगामात रणजी करंडक जिंकणाऱ्या महाराष्ट्राचे कर्णधार होते प्रा. दि. ब. देवधर, ज्यांच्या नावाने 1973-74 पासून विभागीय संघांची एकदिवसीय स्पर्धा खेळवली गेली. एकाच संघातील दोघांची नावे देशाच्या दोन एकदिवसीय स्पर्धांना मिळाली आणि त्या दोघांची कारकीर्द मात्र मर्यादित षटकांचा खेळ रुजण्यापूर्वीच संपली होती, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

स्मृती मानधनाचा उल्लेख केल्याशिवाय सांगलीतून लिहिलेले असे पत्र पुरे होणार नाही. ऑक्टोबर 2013 मध्ये पश्चिम विभागाच्या 19 वर्षांखालील स्पर्धेत तिने बडोद्याला गुजरातविरुद्ध महाराष्ट्राकडून नाबाद 224 धावा केल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक काढणारी ती पहिली भारतीय महिला. त्या दिवसाचे एक कात्रण माझ्याकडे आहे आणि ते सहा ओळींचे आहे. बाकीच्या कोणी किती धावा केल्या, गोलंदाजी कोणी टाकली, हे आज मला त्या कात्रणावरून सांगता येत नाही. 2025 मध्ये विश्वचषक जिंकल्यावर तिच्याबद्दल पानेच्या पाने आली, ती मी आनंदाने वाचली, पण ते सहा ओळींचे कात्रण अजून टाकवत नाही.

जागा आणि वेळ या दोन अडचणी आपण सांगाल. त्यांपैकी वेळेची अडचण मला पटत नाही, कारण सकाळी नऊला सुरू झालेला साखळी सामना संध्याकाळी पाचच्या सुमारास संपतो आणि जिल्हा आवृत्ती छपाईला जाण्यास त्यानंतर पुष्कळ अवकाश असतो. रात्री साडेअकराला संपणाऱ्या ट्वेन्टी-20 सामन्याचा धावफलक आपण दुसऱ्या दिवशी छापताच. जागेचे म्हणाल तर दोन्ही डावांचा पूर्ण धावफलक बारीक टाइपात एका स्तंभाची वीतभर जागा घेतो, हे मी जुन्या अंकांवर पट्टी ठेवून मोजले आहे. इतर संघांच्या सामन्यांना दोन-दोन ओळी दिल्या तरी माझी हरकत नाही. महाराष्ट्राच्या येत्या पहिल्या साखळी सामन्यापासून आपण ही सुरुवात करावी. आकड्यांचा ताळा घेण्यासाठी कोणी हवे असल्यास मी संध्याकाळी मोकळा असतो.

आपला,
एक जुना गुणलेखक
विश्रामबाग, सांगली